कल्हईचे कथील आणि धुराड्याचा धूर

विजेवर मुलामा चढविण्याचे काम ज्या कारागीर बांधवांनी केले आहे, त्यांना ही गोष्ट समजायला वेळ लागणार नाही. टाकीत द्रावण, त्यात दोन पत्रे, बाहेरून विजेचा प्रवाह. ऋण टोकाच्या वस्तूवर धातू चढतो. आता त्याच ऋण टोकापाशी धातूच्या क्षाराऐवजी कार्बन डायऑक्साइड, म्हणजे भट्टीच्या धुराड्यातून वाया जाणारा वायू सोडला, तर वायूचेच रूप पालटते आणि विकता येईल असा माल तयार होतो.

माल कोणता, हे पत्र्याचा धातू ठरवतो. १९८५ साली जपानमधील योशिओ होरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळे धातू लावून हे पडताळले. चांदी-सोन्यावर कार्बन मोनॉक्साइड, तांब्यावर मिथेन. आणि कथिलावर, होय, आमच्या कल्हईच्याच कथिलावर, फॉर्मिक ॲसिडच्या जातीचा माल! हे ॲसिड चामडे कमावताना आणि रबराचा चीक गोठविताना लागते. धातू स्वतः मालात जात नाही. दलालासारखा सौदा जुळवून बाजूला राहतो. अशा धातूला उत्प्रेरक म्हणतात.

आता हिशेब पाहू. टाकीला ३ व्होल्ट लागले आणि सगळा प्रवाह कामी आला असे धरले, तर १ किलो फॉर्मिक ॲसिडला सुमारे साडेतीन युनिट वीज पडते. युनिटला ८ रुपये धरले तर नुसती वीज २८ रुपयांची.

पण हा हिशेब शुद्ध वायूचा झाला. कोळशाच्या धुरात हा वायू शेकडा १० ते १५ भाग असतो, हवेत तर दहा हजारांत चारच. धुरात थोडा ऑक्सिजनही असतो, आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या आधी वीज गिळतो. निम्मा प्रवाह त्याने खाल्ला की साडेतीनची सात युनिटे झाली! वायू आधी रसायनात शोषून, तापवून वेगळा काढता येतो. पण त्या उष्णतेचा खर्च वेगळा. म्हणून संशोधक आता उत्प्रेरकावर असा पातळ पडदा चढवून पाहत आहेत, जो कार्बन डायऑक्साइडला वाट देईल व ऑक्सिजनला अडवील. धुरातला गंधकाचा वायू मात्र आधी धुऊन काढावाच लागतो, कारण तो तांब्यासारख्या उत्प्रेरकाचा गुण बिघडवतो.