इंग्रजीतील विशेषणे : प्रकार व उपयोग

नामाविषयी विशेष माहिती सांगणारा शब्द म्हणजे विशेषण. शालेय व्याकरणातील हा धडा लहान असला, तरी कार्यालयीन लेखनात त्याचे महत्त्व मोठे आहे. राज्यकारभाराची भाषा मराठी असली, तरी उच्च न्यायालयाच्या कामकाजात इंग्रजीशी संबंध येतोच. मराठी शाळांतही सन २००० पासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविण्यात येते.

मराठीत विशेषणांचे गुणविशेषण, संख्याविशेषण व सार्वनामिक विशेषण असे तीन मुख्य प्रकार मानतात. इंग्रजी शालेय व्याकरणात ही विभागणी अधिक बारकाईने केली जाते : गुणवाचक ('डीप वेल' – खोल विहीर), परिमाणवाचक ('मच वॉटर'), संख्यावाचक ('मेनी वेल्स'), दर्शक ('धिस', 'दॅट'), प्रश्नार्थक ('व्हिच'), स्वामित्वदर्शक ('अवर') आणि विभागदर्शक ('ईच', 'एव्हरी').

मराठी भाषकाची पहिली अडचण येथेच उद्भवते. 'पुष्कळ पाणी' आणि 'पुष्कळ विहिरी' यांत आपण एकच विशेषण योजतो. इंग्रजीत मात्र न मोजता येणाऱ्या वस्तूस 'मच' आणि मोजता येणाऱ्या वस्तूंस 'मेनी' लावावे लागते. उलटपक्षी, 'चांगला रस्ता', 'चांगली शाळा', 'चांगले घर' असा लिंगानुसार होणारा बदल इंग्रजीत नाही. तिन्ही ठिकाणी 'गुड' हेच रूप राहते. वचनानुसार बदल होतो तो 'धिस–दीज' व 'दॅट–दोज' या दर्शक विशेषणांत.

तुलना करताना 'पेक्षा' व 'सर्वांत' या शब्दांनी मराठीत काम भागते. इंग्रजीत 'डीप' या विशेषणाची 'डीपर' व 'डीपेस्ट' अशी रूपे होतात. 'ब्यूटिफुल'सारख्या लांब शब्दांपूर्वी 'मोअर' व 'मोस्ट' येतात. 'मोअर डीपर' ही दुहेरी योजना अशुद्ध होय.

सर्वाधिक दक्षता 'फ्यू' या शब्दाबाबत घ्यावी. टंचाईच्या अहवालात 'फ्यू वेल्स हॅव वॉटर' असे लिहिल्यास विहिरींना पाणी जवळजवळ नाहीच, असा अर्थ होतो. 'अ फ्यू वेल्स' म्हटल्यास काही विहिरींना पाणी आहे, असा दिलासा व्यक्त होतो. 'लिट्ल' व 'अ लिट्ल' यांतील भेदही असाच आहे. एका अक्षराच्या फरकाने गावाची निकड वाचणाऱ्यास कमी भासू शकते. म्हणून शिक्षकांनी प्रकारांची नावे पाठ करून घेण्याबरोबरच परिसरातील विहीर, रस्ता, शाळा यांविषयी विद्यार्थ्यांकडून वाक्ये करून घ्यावीत. आणि अहवाल लिहिणाऱ्यांनी शक्य तेथे विशेषणासोबत नेमका आकडाही द्यावा.