काचेवरचा रंग आणि धुळीचा कण

एखाद्या लोखंडी फाटकाला फवाऱ्याने रंग देण्याचे काम चाललेले असते. वीस-पंचवीस पावलांवर एक मोटार उभी असते. संध्याकाळी मालक येऊन पाहतो, तर समोरच्या काचेवर बारीक ठिपक्यांची जणू पुरळ उठलेली! हात फिरवला की काच खरखरीत लागते. मग तो फडके घेतो आणि कोरडीच काच जोर लावून घासू लागतो. हे मी स्वतः केलेले आहे, म्हणून सांगतो. ठिपके थोडेफार गेले. पण त्यानंतर रात्री समोरून गाडी आली की तिच्या दिव्यांनी सारी काच पांढरट उजेडाने भरून जाई आणि रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस दिसेनासा होई. काचेवर ओरखडे पडले होते, आणि प्रत्येक ओरखडा प्रकाश विखरून टाकीत होता.

फडके मऊ, रंगही काचेपेक्षा मऊ. मग काच ओरखडली कशाने?

आधी रंग तेथवर आला कसा ते पाहू. फवाऱ्यातून लहानमोठे असंख्य थेंब उडतात. हवेतून खाली येणाऱ्या बारीक थेंबाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ०·०५ मिलिमीटर व्यासाचा, पाण्याएवढ्या घनतेचा थेंब सेकंदाला सुमारे साडेसात सेंटिमीटर खाली येतो. म्हणजे दीड मीटर उंचीवरून जमिनीवर यायला त्याला २० सेकंद लागतात. तेवढ्यात सेकंदाला एक मीटर वेगाची मंद झुळूकसुद्धा त्याला २० मीटर लांब नेते. ०·०१ मिलिमीटरचा थेंब तर आठ मिनिटे तरंगत राहील! पण थेंब सुकायला लागणारा वेळही व्यासाच्या वर्गाप्रमाणेच घटतो. त्यामुळे हे चिमुकले थेंब वाटेतच अर्धेमुर्धे सुकतात आणि काचेवर नीट न पसरता नुसते चिकटून बसतात. शिवाय भिंतीसारखी काच सच्छिद्र नाही; रंगाला आत मुरून मूळ धरता येत नाही. ही आपल्या फायद्याची गोष्ट आहे.

आता रंग विरघळेल का? ते तो कसा सुकला यावर अवलंबून आहे. साखरेचा पाक सुकला तरी पाण्यात पुन्हा विरघळतो, पण उकडलेले अंडे पुन्हा पातळ होत नाही. रंगांचेही असेच दोन प्रकार आहेत. नायट्रोसेल्युलोजचा लॅकर केवळ द्रावक उडून गेल्याने सुकतो. थिनरने तो केव्हाही निघतो. फाटकाला लावतात तो एनॅमल रंग मात्र द्रावक उडाल्यावर हवेतील ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो, त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात. ताजा असेपर्यंत तो टर्पेंटाइनने पुसला जाईल. आठवड्यानंतर तो फुगेल, मऊ होईल, पण विरघळणार नाही. तेव्हा पातेच हाती घ्यावे लागते.

काचेवर पाते! पुष्कळांच्या अंगावर काटा येतो. पण फ्रीड्रिख मोहस या खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली मांडलेली कठिणतेची श्रेणी आठवा. तीत काच सुमारे ५·५ वर येते, पोलादी पाते तेवढेच किंवा थोडे वर, आणि गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, ७ वर. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे, म्हणजे गारगोटीचेच, बारीक कण असतात. माझ्या फडक्याखाली सापडून काच ओरखडणारे गुन्हेगार हेच.

म्हणून पहिले काम काच भरपूर पाण्याने धुण्याचे. तोवर वायपर चालवू नये. तो धूळच फरफटत नेतो. मग साबणाचे पाणी लावून नवे पाते काचेशी सुमारे ३० अंशांचा कोन करून टेकवावे आणि एकाच दिशेने पुढे ढकलावे. पुरी धार टेकली की हाताचा जोर तिच्या लांबीभर वाटला जातो. पाते तिरके होऊन नुसता कोपरा टेकला, तर तोच जोर एका बिंदूवर येतो, दाब कैक पटींनी वाढतो आणि चरा पडतो. मागे ओढताना खाली अडकलेला कण घासला जातो, म्हणून पाते उचलूनच परत आणावे. साबणपाणी घर्षण कमी करते व कण वाहून नेते. गंजलेले पाते टाकून द्यावे.

बाजूच्या काचा तापवून एकदम थंड केलेल्या, टणक केलेल्या असतात. त्या प्रक्रियेत कधी कधी पृष्ठभागावर सूक्ष्म कण चिकटून राहतात आणि पात्याबरोबर ते निघून चरे पाडतात. तेथे आधी द्रावकच वापरून पाहावे. द्रावक फडक्यावर घ्यावे, काचेवर ओतू नये. ओघळ खाली गेला तर मोटारीचा स्वतःचा रंग व रबरी पट्टी बिघडेल. त्याची वाफ पेट घेणारी असते, तेव्हा काम उघड्यावर आणि मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीच करावे. मागच्या काचेला आतून दव घालविण्यासाठी बारीक विद्युत्‌वाहक रेषा असतात. त्यांना पाते लावू नये. आणि दिव्यांवरची आवरणे आता बहुधा काचेची नसून पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकची असतात. पाते त्यांवर सहज चरे पाडते, तर ॲसिटोनने ती तडकून पांढुरकी होतात.