हिरव्या किरणाविषयी

मुक्काम सोमेश्वरनगर,
मार्गशीर्ष वद्य सप्तमी

चिरंजीव पुतण्यास अनेक आशीर्वाद.

येत्या अमावास्येस शाळेच्या पटांगणात ऊसतोड कामगारांच्या मुलांना मृग, रोहिणी, कृत्तिका दाखविण्याचा तुझा बेत मला मनापासून पसंत आहे. परंतु त्याकरिता हिरव्या लेझरची जी बत्ती तू मागविली आहेस, तिच्याविषयी काही गोष्टी आधीच लिहिणे अगत्याचे वाटते.

या जातीच्या बहुतेक बत्त्यांतला हिरवा प्रकाश मूळचा हिरवा नसतो. आत प्रथम ८०८ नॅनोमीटरचे अवरक्त किरण उत्पन्न होतात, एक स्फटिक त्यांच्यापासून १०६४ नॅनोमीटरचे किरण घडवितो, आणि दुसरा ती तरंगलांबी निम्मी करून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा किरण बाहेर सोडतो. उरलेले अवरक्त किरण अडविण्यास गाळणी लागते. स्वस्त मालात पुष्कळदा तीच वगळलेली असते, आणि जे डोळ्यांस दिसतच नाही त्याच्यापुढे पापणी मिटत नाही. तेव्हा वेष्टनावर ‘५ मिलिवॅट’ छापले आहे एवढ्याने खातरजमा झाली असे समजू नकोस. थंडीने स्फटिक गारठून हिरवा प्रकाश मंदावला, तरी बत्ती निरुपद्रवी झाली असेही मानू नकोस. विसर्जन मिरवणुकांतील लेझर झोतांनी तरुणांच्या दृष्टिपटलास इजा झाल्याच्या वार्ता २०२३ साली आपण वाचल्या, आणि पुढल्या वर्षी पुण्यात पोलिसांना मनाईहुकूम काढावा लागला. ते झोत पुष्कळ प्रखर, हे खरे. पण डोळा तोच.

हा किरण दूर जाता जाता फाकतो. साधारण बत्तीचा ठिपका एका किलोमीटरवर मीटरभर रुंद होतो, म्हणून विमानावर पडला तर वैमानिकाच्या समोरची सारी काच हिरवी उजळते. बारामतीस वैमानिकांचे शिक्षण चालते, हे तुला ठाऊकच आहे. आकाशात हलता दिवा दिसताच, तो विमानाचा की उपग्रहाचा याची चर्चा न करता, कळ सोडून द्यावी. क्षितिजाकडे तर किरण मुळीच नेऊ नये. गळिताचा हंगाम चालू आहे, रस्त्याने रात्रभर उसाच्या ट्रॉल्या जातात, आणि त्यांच्या मागचे चकचकीत पट्टे आलेला प्रकाश जवळजवळ आल्या वाटेनेच परत धाडतात.

मुलांना तुझ्या अगदी निकट उभे कर. दूर उभ्या असलेल्यास किरणाचे टोक भलत्याच ताऱ्यावर टेकलेले दिसते, आणि रोहिणी म्हणून तो दुसरेच काही पाहून घरी जातो. दुर्बिणीस कोणी डोळा लावलेला असताना बत्ती बंदच असावी. पोरे ती हातात मागतील, हट्ट धरतील. त्या बाबतीत मात्र कोणासही मुभा देऊ नकोस, मुख्याध्यापकांनासुद्धा नाही. कळ क्षणभर दाबावी, तारा दाखवावा, सोडावी; मग मृगाच्या पट्ट्यावरून व्याधाकडे कसे जावे हे तोंडाने सांगावे, कारण उद्या कोपीसमोर उभे राहून त्या मुलांना बत्तीवाचूनच तारे शोधावयाचे आहेत.

येताना बत्तीतले सेल काढून वेगळे ठेव. हुरड्याची तजवीज काकूने केली आहे. तेव्हा दिवस मावळण्यापूर्वी पोहोच.

तुझा
काका