संहिता आणि आज्ञा : जालभाषांतील एका भेदाचा विचार

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत पृष्ठाच्या वरच्या भागात स्वीकृत संहिता व तळाशी पाठभेद अशी मांडणी आहे. संपादकाचा निर्णय आणि त्याचा आधार, दोन्ही वाचकासमोर राहतात. अशी आवृत्ती संगणकाच्या जालावर आणताना संहितेत काय नोंदवावे व तिच्याबाहेर काय ठेवावे, हा प्रश्न पाठचिकित्सेचाच ठरतो.

टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संस्थेत घडविलेली एचटीएमएल ही मूलतः चिन्हांकनाची भाषा होय. ‘हा मथळा’, ‘हा परिच्छेद’ एवढेच ती सांगते. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपसाठी जावास्क्रिप्ट रचली आणि या वर्णनपर खुणांच्या ओघातच कृती घडविणाऱ्या आज्ञा लिहिण्याची सोय झाली. आज्ञेची खूण दिसताच ब्राउझर ती अमलात आणतो. ती संपादकाने लिहिली की परक्याने, हे त्यास उमगत नाही.

याचा परिणाम ऑक्टोबर २००५ मध्ये दिसला. मायस्पेस या संकेतस्थळावर एका सदस्याने स्वतःच्या परिचयात आज्ञा दडविली. परिचय पाहणाऱ्याच्या पृष्ठावरही ती आपोआप उतरत गेली आणि सुमारे एका दिवसात दहा लाखांहून अधिक सदस्यांपर्यंत पोहोचली. आपल्या परिभाषेत हा प्रक्षेपच. मात्र पोथीतील प्रक्षेप वाचकाची दिशाभूल करतो, हा प्रक्षेप वाचकाच्या नावाने कृती करतो. म्हणूनच बाहेरून आलेल्या मजकुरातील कोनकंस निष्प्रभ करणे, आज्ञा स्वतंत्र फाइलीत ठेवणे आणि कोणत्या स्थानाच्या आज्ञा मान्य कराव्यात हे ब्राउझरला आधीच कळविणे, हे उपाय रूढ झाले.

दुसरा प्रश्न टिकाऊपणाचा. ३१ डिसेंबर २०२० रोजी अ‍ॅडोबने फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि केवळ त्याच माध्यमात रचलेले साहित्य नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले. उलट १९८७ मध्ये आरंभ झालेल्या टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्हच्या पद्धतीत कोणत्या प्रतीत कोणता पाठ आहे, हे साध्या अक्षरांत नोंदविलेले असते. ते दाखविणारे साधन बदलले तरी नोंद वाचता येते.

जेथे हालचाल हाच रचनेचा प्राण असतो, अशा संगणकीय काव्यात ही सीमारेषा पुसट होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु प्राचीन ग्रंथाच्या आवृत्तीत पाठभेद हा संहितेचा घटक आहे. तो कळ दाबल्यावर कसा उघडावा, ही आज्ञेची बाब आहे. पाठभेद केवळ आज्ञेतच साठविला, तर आज्ञा निरुपयोगी होताच संपादकाच्या निर्णयाचा पुरावाही वाचकाच्या हातून जाईल.