चाई एकमेकींना लागते का?

मैत्रिणींनो, डोक्यावर रुपयाएवढी गोल टकली जागा दिसली की आपण म्हणतो, "चाई पडली, किडा केस खातोय." मग त्या बाईचा कंगवा वेगळा, उशी वेगळी. शाळेत मुलीशेजारी कुणी बसत नाही.

पण चाईत किडा नसतो. रोगाशी लढणारी आपलीच शक्ती चुकून केसांच्या मुळांवर हल्ला करते. म्हणून चाई स्पर्शाने, कंगव्याने पसरत नाही. पुष्कळांचे केस परत येतात.

पसरतो तो डोक्यातला नायटा. ती बुरशी आहे. लहान मुलांना जास्त होते.

ओळखायचं कसं?

• चाई : जागा गुळगुळीत, खवले नाहीत.
• नायटा : खवले, खाज, तुटके केस, कधी पू. कंगवा, टोपी, टॉवेल वेगळे ठेवा. नुसत्या मलमाने भागत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पूर्ण घ्या.

आणि एकदम अनेकांचे केस गळाले तर? जानेवारी 2025 मध्ये बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात तसं झालं. लोक लागणीला घाबरले. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या तपासणीत गव्हात जादा सेलेनियम आढळलं. म्हणजे सगळ्यांना झालं, तरी ते एकमेकांकडूनच आलं असं नाही. खाणं-पाणीही तपासायला हवं.

चाईवर ब्लेड, रॉकेल लावू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. गटाच्या पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवा, आणि चाई पडलेल्या ताईला आपल्या शेजारीच बसवा.