कुऱ्हाडबंदी आणि प्रबलन

प्रबलन म्हटले की आपल्याला स्किनरचे कबूतर आठवते. पण उपयोजित वर्तन-विश्लेषणाने समाजाला महत्त्वाच्या वाटणाऱ्या वर्तनाकडे वळावे, असा आग्रह बेअर, वुल्फ व रिस्ले यांनी १९६८ साली धरला. मला त्याचे उदाहरण आपल्या खानदेशातच दिसते.

साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी गावाने श्री. चैत्राम पवार (पद्मश्री, २०२५) यांच्या पुढाकाराने चारशेहून अधिक हेक्टर जंगल राखले. अडचण कोणती होती? मोळी विकली की पैसा आजच हाती येतो. राखलेल्या जंगलाचे पाणी विहिरीत उतरायला वर्षे लागतात. जवळच्या परिणामापुढे दूरचा परिणाम दुबळा पडतो. गावाने ही मधली दरी भरली. तोडणाऱ्याला दंड ठेवला. पण नुसती शिक्षा पाहणारा असेपर्यंतच चालते, असे स्किनरचेही मत. म्हणून मला दरवर्षीची वनभाज्यांची पाककला स्पर्धा अधिक मोलाची वाटते. तिथे उभ्या जंगलाचा मान रांधणारीला त्याच दिवशी मिळतो!

अर्थात हे कोणी स्किनर वाचून केलेले नाही. शिवाय दंडाने किती साधले आणि स्पर्धेने किती, हे ठरवायचे तर शास्त्राप्रमाणे एक उपाय काही काळ मागे घेऊन पाहावा लागेल. पण दंड उठवून पाहा, असे बारीपाड्याला कोणी सांगावे?