बैलाच्या पायाची सूज : आधी कारण ओळखा

गोंदियालगतच्या कुडवा परिसरात आणि एकूणच धानपट्ट्यात रोवणीच्या दिवसांत बैल व रेडे दिवसभर बांधीतील चिखलात राबतात. अशा वेळी पाय सुजला की तेल चोळणे किंवा डाग देणे हा उपाय अजूनही केला जातो. परंतु सूज हे रोगाचे केवळ लक्षण आहे. कारण ओळखूनच उपाय करावा.

मुरगळ किंवा मार : एकाच पायाचा सांधा गरम व दुखरा असतो, ताप नसतो, जनावर चारा खाते. विश्रांती द्यावी. पहिले दोन दिवस थंड पाण्याची धार धरावी, नंतर कोमट शेक द्यावा.

खुरातील जखम : खुरांच्या बेचकीत काटा वा खडा रुतल्याने किंवा सतत ओलाव्याने जखम होते, घाण वास येतो. पोटॅशियम परमँगनेटच्या सौम्य द्रावणाने खूर धुऊन जनावर कोरड्या जागी बांधावे.

फऱ्या (एकटांग्या) : हा रोग मुख्यतः सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या धष्टपुष्ट जनावरांना पावसाळ्यात होतो. एकाएकी जोराचा ताप येतो, मांडी किंवा फरा सुजतो आणि दाबल्यास चरचर आवाज येतो. सूज आधी गरम असते, पुढे थंड पडते. जनावर एक-दोन दिवसांत दगावू शकते. म्हणून चोळण्यात वेळ न घालवता पशुवैद्यकास त्वरित बोलवावे. सुरुवातीलाच पेनिसिलीन मिळाल्यास जनावर वाचू शकते. मृत जनावर फाडू नये. चुना टाकून खोल पुरावे.

बुरशीचे तणस (डेगनाला) : पुंजणे अवकाळी पावसात भिजले की तणसाला बुरशी लागते. असे तणस खाल्ल्याने, विशेषतः हिवाळ्यात म्हशी व रेड्यांचे पाय खालून सुजतात, कातडी फाटते, कान व शेपटीची टोके सुकतात. तणस ताबडतोब बंद करून हिरवा चारा व खनिज मिश्रण द्यावे आणि पशुवैद्यकाकडून उपचार करून घ्यावेत.

लम्पी : ताप, अंगावर गाठी, पाय व पोळीला सूज ही लक्षणे होत. 2022 मध्ये राज्यात या रोगाची मोठी साथ आली होती. आजारी जनावर वेगळे बांधावे, गोठ्यातील माश्या-गोचिडांचा बंदोबस्त करावा.

थोडक्यात, सूज दिसताच चार गोष्टी पाहाव्यात : एक पाय की अनेक, गरम की थंड, ताप आहे का, आवाज येतो का. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी फऱ्याची लस टोचून घ्यावी. ऐन रोवणीत बैल गमावण्यापेक्षा हे केव्हाही स्वस्त पडते.